पैलू पाडणारे हात

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे माझे सर्व गुरुजन, मुख्याध्यापक सर, संस्थेचे पदाधिकारी, आमच्या आधीच्या तुकड्यांचे दादा आणि ताई, नंतरच्या तुकड्यांची भावंडं, आणि सर सांगून थकले तरी मागच्या दोन रांगांत बसून अजूनही बोलत असलेली आमची १९९६ची दहावी 'ब'!

संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये आहात, तर एआयवर बोला. मुलांना उपयोग होईल." मी म्हटलं, बोलते, पण काचेवर बोलते. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "चालेल, पण वीस मिनिटांत संपवा." तेव्हा वेळ न घालवता विषयाकडे येते.

आपल्या मराठीत एक छान शब्दप्रयोग आहे, पैलू पाडणे. हिऱ्याला पैलू पाडतात आणि विद्यार्थ्यालाही पाडतात. निरोप समारंभाच्या प्रत्येक भाषणात तो आपण ऐकलाय. सगळं येणाऱ्या माणसाला आपण अष्टपैलू म्हणतो. पण पैलू पाडतात म्हणजे नक्की काय करतात? कोण पाडतं? कशानं पाडतं? इंजिनिअर झाल्यावरही मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्याचं उत्तर मला टोकियोत मिळालं आणि ते ऐकल्यावर मला आपली एमआयडीसी आठवली. आज मला तेवढंच सांगायचंय.

कंपनीच्या कामासाठी मी तीन वर्षं टोकियोत होते. तिथं एडोगावा नावाचा भाग आहे आणि त्यात निशी-कासाई. २०००च्या आसपास भारतातले सॉफ्टवेअरवाले जपानला जाऊ लागले, त्यांच्यातले बरेच तिथं स्थिरावले. आज तिथं मराठी कानावर पडतं, पोहे मिळतात, गणपती बसतो. २०१९मध्ये तर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ एडोगावाच्या स्थानिक सभागृहात निवडून गेले. निशी-कासाईहून मेट्रोनं शहराकडे निघालं की गाडी आराकावा नदीचा पूल ओलांडते आणि पलीकडे कोतो नावाचा भाग लागतो. एडो किरिको या कापीव काचेच्या कामाचं हे माहेरघर. तिथल्या कामेइदोमध्ये या कारागिरांच्या सहकारी संघाचं दुकानही आहे.

एडो हे टोकियोचं जुनं नाव. किरी म्हणजे कापणं. चौकोनी ठोकळ्याचे सगळे कोपरे कापून टाकले की जो आकार उरतो, त्याला जपानीत किरिको म्हणतात. म्हणजे या कलेच्या नावातच पैलू आहेत.

या कलेचा उगम शोधत गेलं तर पाऊल रत्नं कापणाऱ्यांच्या दारात जाऊन थांबतं. युरोपात प्राग शहरी सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या दरबारात कास्पार लेमान नावाचा रत्नांवर कोरीव काम करणारा कारागीर होता. स्फटिकावर फिरत्या चाकानं नक्षी कोरायची विद्या त्यानं काचेवर वापरली आणि १६०९मध्ये सम्राटानं त्याला त्याचा खास हक्क दिला. पुढे १६७४मध्ये इंग्लंडात जॉर्ज रेवन्सक्रॉफ्टनं शिसं घातलेल्या काचेचं पेटंट घेतलं. ही काच जड, मऊ आणि जास्त चमकणारी. ती कापायला सोपी, म्हणून तिकडे कापीव काचेचा मोठा धंदा उभा राहिला. ती भांडी डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून जपानला पोचली. त्या काळी जपानी लोक अशा काचेला 'गियामान' म्हणत. हा शब्द आला हिऱ्याच्या युरोपीय नावावरून, डायमंडवरून. काचेला ते लोक हिराच म्हणत होते म्हणा ना.

१८३४मध्ये एडो शहरातल्या कागाया क्यूबेइ या काचेच्या व्यापाऱ्यानं कुरुंदाची पूड वापरून काचेवर नक्षी कोरली. एडो किरिकोचा जन्म तिथून धरतात. कुरुंद आपल्या ओळखीचा आहे, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याचा दगड त्याचाच. १८८१मध्ये सरकारी कारखान्यात इमॅन्युएल हाउप्टमान हे इंग्रज तज्ज्ञ शिकवायला आले आणि चाकावर काच कापायची युरोपीय पद्धत जपानी तरुणांनी त्यांच्याकडून घेतली. तंत्र बाहेरून आलं. नक्षी मात्र त्यांनी स्वतःची ठेवली. टोपलीची वीण, तागाचं पान, बांबूचं कुंपण, शेवंतीची फुलं, माशांची अंडी, ही त्यांच्या नक्ष्यांची नावं. सगळं घरातलं, अंगणातलं आणि नदीतलं.

आता थोडं विज्ञान. भौतिकशास्त्राच्या बाई समोर बसल्यात, त्यामुळे जपून बोलते. हिरा का चमकतो? प्रकाश हिऱ्यात शिरतो तेव्हा तो खूप वाकतो. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, साध्या काचेचा सुमारे १.५२. आत शिरलेला प्रकाश पृष्ठभागाशी ठरावीक कोनापेक्षा तिरका आदळला की बाहेर पडू शकत नाही, आतच परत फिरतो. दहावीला आपण पूर्ण आंतरिक परावर्तन शिकलो ते हेच. हिऱ्यासाठी हा क्रांतिक कोन सुमारे २४ अंश आहे, काचेसाठी सुमारे ४१. म्हणजे हिऱ्याच्या पोटात प्रकाश सहज अडकतो, काचेत तो निसटतो. १९१९मध्ये मार्सेल टॉल्कोव्स्की यांनी गणित मांडून दाखवलं की पैलूंचे कोन बरोबर ठेवले तर खालून निसटणारा प्रकाश वर, बघणाऱ्याच्या डोळ्यांकडे परत पाठवता येतो. आज गोल हिऱ्याला जे ५७ किंवा ५८ पैलू पाडतात, त्यामागे हा हिशेब आहे.

काचेला हिऱ्याचं गणित जसंच्या तसं लागू होत नाही. मग काच कापणारे काय करतात? ते एका मोठ्या पैलूऐवजी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या शेकडो खाचा पाडतात. प्रत्येक खाचेच्या दोन भिंती, प्रत्येक भिंतीचा वेगळा उतार. प्रकाश एकीकडून निसटला तर दुसरीकडे सापडतो. शिवाय पारदर्शक काचेवर लाल किंवा निळ्या काचेचा पातळ थर चढवलेला असतो. खाच पाडली की रंग निघतो आणि खालची स्वच्छ काच उघडी पडते. पेला हातात घेऊन आत पाहिलं की समोरच्या भिंतीवरची नक्षी अलीकडच्या प्रत्येक छोट्या पैलूतून वेगळी दिसते. पन्नास पैलू तर पन्नास चित्रं. हिऱ्याची नक्कल करायला निघालेली काच अशी स्वतःच्या वाटेनं गेली.

तिथं मी एका छोट्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी जाऊन हे काम जवळून पाहिलं. आपल्याकडे गल्लीत वेल्डिंगचं दुकान असतं तेवढीच जागा. कापणारे आजोबा सत्तरीचे. खाली मोटरवर फिरणारं चाक, त्याच्या धारेवर हिऱ्याची पूड बसवलेली, वरून पाण्याची धार. आजोबा पेला दोन्ही हातांत धरून वरून चाकावर टेकवत होते. म्हणजे चाक काचेच्या खालच्या बाजूला आणि त्यांची नजर पेल्याच्या आत. काचेतून आरपार बघत ते पलीकडे पडणारी खाच जोखत होते. काळ्या रंगाची काच कापणं सगळ्यांत अवघड मानतात, ते याचमुळे. तिच्यातून पलीकडचं दिसत नाही.

कापायच्या आधी पेल्यावर फक्त उभ्या-आडव्या रेघा मारतात. पूर्ण नक्षी कुणी काढत नाही. बाकीची नक्षी डोक्यात असते. पूर्वी या रेघा गेरूनं मारत. त्या तांबड्या रंगाला जपानीत बेंगारा म्हणतात आणि हा शब्द आपल्या बंगालच्या नावावरून गेलाय. आधी जाड धारेच्या चाकानं ठोकळ खाच, मग बारीक चाकानं नेमकी खाच, मग दगडाच्या चाकानं गुळगुळीत करणं आणि शेवटी चकाकी. प्रत्येक टप्प्यात तीच रेघ पुन्हा त्याच जागी पकडायची.

आता यातला हिशेब बघा. समजा पेल्याचा घेर २४ सेंटिमीटर आहे आणि त्याचे १६ सारखे भाग करायचेत. एक भाग दीड सेंटिमीटरचा. प्रत्येक भागात अर्धा मिलिमीटर जास्त गेला, तर सोळाव्या भागाला आठ मिलिमीटर कमी पडतात आणि नक्षी जिथं सुरू झाली तिथं येऊन जुळतच नाही. आमच्या प्रोग्रामिंगमध्ये याला साठत जाणारी चूक म्हणतात. ती सापडावी म्हणून आम्ही चाचण्या लिहितो. आजोबांकडे चाचणी म्हणजे अंगठा आणि डोळा. आणि चूक दुरुस्त करायची सोय नाही. कापलेली काच परत चिकटत नाही.

हे बघताना मला माझे वडील आठवले. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांना ते माहीत आहेत. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये त्यांनी रोल टर्नर म्हणून पस्तीस वर्षं काम केलं. आपल्या वर्गातल्या कितीजणांचे वडील तिथं होते! कुणी भट्टीवर, कुणी क्रेनवर, कुणी लांब चिमट्यानं तापलेली सळई पकडून पुढच्या रोलमध्ये घालायला. "जालना, सोने का पालना" असं जुने लोक म्हणतात. आपल्या पिढीला पाळण्यात सोनं दिसलं नाही, लोखंड दिसलं. पण घर त्यावरच चाललं.

रोल टर्नर म्हणजे काय हे नवीन मुलांसाठी सांगते. ११००-१२०० अंशांपर्यंत तापवलेला पोलादी ठोकळा दोन रोलांमधून दाबून काढतात. प्रत्येक रोलवर खाच असते, तिला पास म्हणतात. एका पासमधून ठोकळा चपटा होतो, दुसऱ्यातून लांबट गोल, तिसऱ्यातून चौकोनी, असा बारीक होत होत शेवटी सळई होऊन बाहेर पडतो. यातल्या एका आकाराच्या पासला आपल्या मिलमध्ये डायमंड पास म्हणतात. हो, हिराच! चौकोन कोपऱ्यावर उभा केला की जसा दिसतो तसा. आणि सळईवर आपण जे उठावाचे आडवे-तिरके कंगोरे बघतो, ज्यांच्यामुळे काँक्रीट सळईला घट्ट धरतं, ते आधी शेवटच्या रोलवर उलटे कोरलेले असतात. रोलवर खड्डा, सळईवर उठाव. या खाचा रोलच्या पूर्ण घेरावर सारख्या अंतरानं याव्या लागतात. सोळाव्या भागाचा तोच हिशेब इथेही लागतो.

हे पास आणि खाचा लेथवर पाडणारा तो रोल टर्नर. काम करून रोल झिजतो, मग तो परत लेथवर चढतो. खाच पुन्हा बरोबर व्हावी, पण रोलचं कमीत कमी लोखंड निघावं, हे त्याचं कसब. जास्त कापलं तर महागाचा रोल लवकर भंगारात जातो. कमी कापलं तर सळईचा आकार बिघडतो. पत्र्याचं टेम्प्लेट खाचेत धरून, मागे बल्ब लावून, फटीतून उजेड येतो का हे वडील बघायचे. उजेडाची रेघ दिसली तर अजून एक हात. तेही उजेडावरच काम करत होते, हे मला टोकियोत कळलं.

सुट्टीवर येताना मी वडिलांसाठी एक निळा पेला आणला. त्यांनी तो खिडकीकडे धरला नाही, छान आहे असंही म्हटले नाहीत. चष्मा वर केला, खाचेतून अंगठ्याचं नख फिरवलं आणि विचारलं, "ह्याचं टेम्प्लेट कुठंय?" मी म्हटलं, टेम्प्लेट नसतं, नुसत्या रेघा असतात, बाकी नजरेनं. त्यांनी पुन्हा एकदा नख फिरवलं. म्हणाले, "मग हा माणूस मोठा आहे." थोड्या वेळानं म्हणाले, "पोरी, त्याला पगार किती असंल?"

हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. कारण दोघांच्या हातांत फार फरक नव्हता. फरक होता तो नावात. जपानमध्ये एडो किरिकोला १९८५मध्ये टोकियो महानगराची आणि २००२मध्ये राष्ट्रीय पातळीवर पारंपरिक कला म्हणून मान्यता मिळाली. कोणत्या कामाला एडो किरिको म्हणायचं याचे नियम आहेत. वस्तू काचेची हवी, काम हातानं झालेलं हवं, मुख्यतः फिरत्या चाकावर झालेलं हवं आणि ठरलेल्या भागात झालेलं हवं. बारा वर्षांहून जास्त अनुभव असलेला कारागीर राष्ट्रीय परीक्षा देऊन पारंपरिक कारागीर ही पदवी मिळवू शकतो. माझ्या वडिलांचा अनुभव पस्तीस वर्षांचा. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. प्रेमानं दिलं, मी नाव ठेवत नाही. पण त्यांना नेमकं काय येत होतं, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही.

नाव नसलेलं कसब कसं जातं, याचीही गोष्ट जपानमध्येच आहे. दक्षिणेकडे सात्सुमा संस्थानात शिमाझू नारिआकिरा या संस्थानिकानं १८५०च्या दशकात काचेचा मोठा उद्योग उभा केला. तिथली सात्सुमा किरिको रंगाचा जाड थर चढवून कापत, त्यामुळे रंग गडदाकडून फिक्याकडे विरत जाई. १८५८मध्ये नारिआकिरा वारला. १८६३मध्ये इंग्रज आरमारानं कागोशिमावर तोफा डागल्या, त्यात तिथले कारखाने जळाले. कारागीर पांगले आणि थोड्याच वर्षांत ती कला संपली. १९८५च्या सुमारास ती पुन्हा उभी करायची ठरली तेव्हा विचारायला जाणता माणूसच उरला नव्हता. संग्रहालयांतले जुने पेले समोर ठेवून, खाचा मोजून, उलट दिशेनं सगळं शोधावं लागलं. मधली शंभर वर्षं कोरी.

आपल्याकडेही अशी कोरी पानं आहेत. आपल्याच जिल्ह्यातलं भोकरदन घ्या. जुनं नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचं गाव. १९७३मध्ये मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी तिथं उत्खनन केलं. मणी सापडले, हस्तिदंताची एक स्त्री-मूर्ती सापडली, इटलीत पॉम्पेईच्या राखेत मिळालेल्या मूर्तीशी नातं सांगणारी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-ग्रंथात लिहिलंय की पैठणहून भडोचला गाड्या भरभरून गोमेदासारखे पट्टेदार दगड जात. आपण शेताच्या बांधावर ज्या गारगोट्या वेचत होतो, त्याच जातीचे दगड. "हिऱ्यापोटी गारगोटी" म्हणून आपण जिला हिणवतो, तिला घासून, भोक पाडून, चकाकी देऊन रोमपर्यंत विकणारे लोक या भागात होते. त्यांचे मणी संग्रहालयात आहेत. ते कुणाचे हात होते, काम कसं करत, हे मात्र आज मण्यांवरूनच वाचावं लागतं.

दुसरी गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे आणि ती मला फार आवडते. बांगड्या, कंदिलाच्या काचा, बाटल्या, हे सगळं तेव्हा परदेशातून येई, युरोपातून आणि जपानमधूनही. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी कल्पना मांडली की प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे करावेत. तोच पैसा फंड. लोकमान्य टिळकांनी ती कल्पना उचलून धरली. १९०८मध्ये तळेगाव दाभाडे इथं पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याची सूत्रं ज्यांच्या हाती होती ते ईश्वरदास वार्ष्णेय काचेचं शिक्षण घ्यायला कुठं गेले होते? आधी जपानला आणि मग अमेरिकेत. म्हणजे इंग्रज तज्ज्ञाकडून जपान शिकला आणि पंचवीस-तीस वर्षांत आपण शिकायला जपानला गेलो. तळेगाव नुसता कारखाना नव्हता, तिथं तरुणांना काम शिकवत आणि ते बाहेर पडून ठिकठिकाणी काचेच्या भट्ट्या घालत. त्यानंतर १९१६मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ काच कारखाना काढला, त्याची ओगलेवाडी झाली. आपल्या आजीच्या घरातला प्रभाकर कंदील तिथला. लाईट गेल्यावर ज्याच्या उजेडात आपण पाढे पाठ केले, तो.

या सगळ्याचं भांडवल काय होतं? माणशी एक पैसा, आणि शिकून आलेला माणूस दुसऱ्याला शिकवायला तयार होता, एवढंच.

आता कुणी म्हणेल, ताई, हे सगळं जुनं झालं. आज रोल सीएनसी मशीनवर कापतात. खरं आहे. मीही पोट संगणकावरच भरते, त्यामुळे यंत्राला शिव्या द्यायचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. हातानं काम करणं म्हणजे काहीतरी पवित्र, असंही मी म्हणणार नाही. भाजलेले हात आपण घराघरांत पाहिलेत. दगड घासण्याचं काम तर त्याहून वाईट. गुजरातेत खंबातला अकीक घासणाऱ्या कामगारांच्या फुफ्फुसांत धूळ बसून सिलिकोसिस होतो, माणसं तरुणपणी जातात. टोकियोच्या चाकावर पडणारी ती पाण्याची धार काचेला थंड ठेवते आणि धूळही खाली बसवते. कसब टिकवायचं असेल तर आधी कसबी माणूस टिकवावा लागतो.

पण सीएनसीला आकडे कोण देतं? कुठल्या पासमध्ये झीज आधी होते, सळई एका बाजूला का वळते, रोलला बारीक तडा जाणार हे आवाजावरून कसं कळतं, हे ज्याला माहीत आहे तोच आकडे देतो. वडील म्हणायचे, "मशीन आकडा ऐकतं, लोखंड आकडा ऐकत नाही." एआयचंही तसंच आहे. संयोजकांना दिलेला शब्द पाळून एआयवर हे एकच वाक्य बोलते: जे कुणी कधी लिहून, बोलून, दाखवून ठेवलंच नाही, ते कुठलंही यंत्र शिकू शकत नाही. एमआयडीसीतल्या जाणत्या पिढीचे लोक आता सत्तरीत आहेत. सात्सुमाला शंभर वर्षांची खाडी भरावी लागली. आपल्याकडे अजून खाडी पडलेली नाही. आपल्याकडे वेळ आहे, पण पाच-दहा वर्षांचाच.

म्हणून आज मी नुसतं भाषण करायला आलेले नाही, एक मागणी घेऊन आले आहे.

आपल्या शाळेची कार्यशाळा, मैदानापलीकडची पत्र्याची खोली, सगळ्यांना आठवते. तिथं आपण फायलिंग केलं, चौकोनी तुकडा काटकोनात बसवताना घाम गाळला. तांत्रिक विषय बंद झाल्यापासून ती खोली बंद आहे. आत एक छोटा लेथ आणि दोन व्हाइस आहेत. काल मुख्याध्यापक सरांच्या परवानगीनं मी आणि आमच्या वर्गातल्या दोघांनी कुलूप काढून पाहिलं. आमच्या त्या मित्रांपैकी एकाचं एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप आहे. त्याचं म्हणणं, लेथचा बेड चांगला आहे, महिन्याभरात चालू होईल. ती खोली मोकळी करून तिथं आणखी दोन वर्गखोल्या काढायचा विचार संस्थेसमोर आहे, हे मला माहीत आहे आणि शाळेची जागेची अडचण खरी आहे. माझी विनंती एवढीच की निर्णयाआधी आम्हाला एक वर्ष द्या.

त्या वर्षात तीन गोष्टी करू. पहिली, महिन्यातला एक शनिवार कार्यशाळा उघडायची. आठवी-नववीची मुलं आणि मुली, मुलीसुद्धा हे ठळक लिहून घ्या, तिथं मोजायला, कापायला, घासायला शिकतील. चष्मा आणि मास्क लावून. शिकवायला एमआयडीसीतून निवृत्त झालेले आपलेच वडील, काका येतील. पाच जणांशी माझं बोलणं झालंय, पाचही जण तयार आहेत. दुसरी, या माणसांना जे येतं ते आपण चित्रित करून, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. रोल कसा टर्न करतात, भट्टीतल्या ठोकळ्याच्या रंगावरून ताप कसा ओळखतात. सॉफ्टवेअरमध्ये असलेली आपली पन्नास-साठ मुलं-मुली पुण्यात, हैदराबादला, परदेशात आहेत. ते साठवून ठेवायचं, शोधता येईल असं मांडायचं काम त्यांनी घ्यावं. माझं नाव पहिलं लिहा.

तिसरी गोष्ट पैशांची. आपण पैसा फंड काढूया. माजी विद्यार्थ्यानं दिवसाला एक रुपया, म्हणजे वर्षाला ३६५ रुपये. मोठ्या देणगीची पाटी लावायची नाही, कुणाचं नाव खोलीला द्यायचं नाही. सगळ्यांचा वाटा सारखा. हिशेब दरवर्षी याच मेळाव्यात, याच व्यासपीठावरून वाचला जाईल. वर्षअखेर मुलं आली नाहीत, काम चाललं नाही, तर खोली संस्थेला परत आणि उरलेले पैसे ग्रंथालयाला. हेही लिहून देऊ.

आपल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे जालन्याच्या मातीला, पाण्याला नाव मिळालं. जालन्याच्या हातांना अजून नाव मिळायचंय. ते सरकार देईल तेव्हा देईल. शाळेनं सुरुवात करायला कुणाची परवानगी लागत नाही.

गुरुजनांनो, तुम्ही आम्हाला पैलू पाडले असं आम्ही दरवेळी म्हणतो. पैलू पाडताना काय जातं, ते मी आता डोळ्यांनी पाहिलंय. वेळ जातो, चाक झिजतं, पाठ वाकते, आणि चमक मात्र दुसऱ्याची दिसते. त्याबद्दल आभार मानायला शब्द पुरत नाहीत. म्हणून आभार न मानता मी वहीच पुढे करते. मागच्या टेबलावर नावनोंदणीची वही ठेवली आहे. चहाला जाताना तिच्यावरून जा.

दहावी 'ब', तुम्ही आधी.